रीफ टाकीत पांढरे ठिपके: औषधाच्या बाटलीआधी काय करायचं

दुकानातून निळ्या औषधाची बाटली आणली असेल तर ती आधी कपाटात ठेवा. माशाच्या अंगावर ठिपके दिसले की जीव घाबरा होतो आणि काहीतरी ओतावंसं वाटतं. पण रीफमध्ये, म्हणजे कोरल असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, घाईनं ओतलेलं औषध रोगापेक्षा जास्त नुकसान करतं.

कोल्हापुरात मरीनकडे वळणारा माणूस बहुधा गप्पी, गोल्डफिश, डिस्कस अशा वाटेनं आलेला असतो. गोड्या पाण्यात ठिपके आले की चमचाभर मीठ, हीटर तीसवर आणि निळं औषध, हा उतारा त्याला पाठ असतो. खाऱ्या पाण्यात ठिपके आणणारा जीवच निराळा आहे. क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स हे त्याचं शास्त्रीय नाव. बोलताना सगळे 'क्रिप्टो' किंवा 'मरीन इक' म्हणतात. मिठाचं त्याला कौतुक नाही, कारण तो समुद्रातलाच. तापमान वाढवलं तर तो मरत नाही, त्याचं चक्र तेवढं भरभर फिरतं. शिवाय गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, म्हणजे आधीच धापा टाकणाऱ्या माशाची आणखी पंचाईत.

कोरल असलेल्या टाकीतच या रोगावर भरवशाचा इलाज करता येत नाही. परजीवीला मारणारी औषधं कोरल, कोळंबी आणि गोगलगायींनाही मारतात. 'रीफ सेफ' म्हणून विकली जाणारी औषधं कोरलला जपतात, पण परजीवीलाही जपतात, असा माझा अनुभव. त्यामुळे रस्ता एकच उरतो: सगळे मासे बाहेर काढायचे, त्यांच्यावर दुसऱ्या टाकीत उपचार करायचा आणि रीफ ७६ दिवस एकाही माशाविना चालवायची. हे ऐकून नव्या माणसाला घाम फुटतो. ७६ हा आकडा कुठून आला ते समजलं की पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा अर्थ लागतो.

हा जीव जगतो कसा

माशावर दिसणारा ठिपका म्हणजे कातडीत शिरून खात बसलेला परजीवी. तिथं तो साधारण ३ ते ७ दिवस असतो. वाढ पूर्ण झाली की मासा सोडतो, वाळूवर, दगडावर, काचेवर, पंपाच्या सांदीत कुठंही चिकटतो आणि स्वतःभोवती कोष करतो. त्या कोषात विभाजन होऊन एकाचे शेकडो होतात. बहुतेक कोष ३ ते २८ दिवसांत फुटतात, पण काही फारच रेंगाळतात. ७२ दिवसांपर्यंत टिकलेले कोष नोंदले गेले आहेत. त्यावर चार दिवस हातचे धरले की ७६. कोषातून सुटलेल्या पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात.

कॉपरसारखं, म्हणजे तांब्याचं, औषध या चक्रात फक्त मोकळं पोहणाऱ्या पिल्लांना गाठतं. कातडीतला परजीवी आणि कोषातला परजीवी दोघंही त्याच्या तावडीबाहेर असतात. म्हणून उपचार आठवड्यात आटोपत नाही.

सगळ्यात मोठी फसगत चौथ्या-पाचव्या दिवशी होते. ठिपके गायब होतात, मासा खायला लागतो, आणि तोवर जे काही टाकलेलं असेल, लसूण म्हणा की बाटलीतलं रंगीत पाणी म्हणा, त्याला गुण आला असं वाटतं. परजीवी ठरल्या वेळी मासा सोडून खाली कोष करायला गेलेला असतो. थोड्या दिवसांनी तो पुन्हा येतो तेव्हा त्याची संख्या कैकपट झालेली असते.

आधी रोग ओळखा

टॉर्चचा तिरका उजेड माशावर टाका आणि दहा मिनिटं नुसतं बघत बसा.

क्रिप्टोचे ठिपके रव्याच्या कणांसारखे सुटे दिसतात, ठरवलं तर मोजता येतात. व्हेल्व्हेट हा दुसरा परजीवी रोग झाला असेल तर अंगावर मैद्याची धूळ बसल्यासारखं दिसतं. टँग जातीला, त्यातही पावडर ब्लू आणि हिप्पोला, क्रिप्टो चटकन धरतो. कधीकधी परजीवी फक्त कल्ल्यांत असतो आणि अंग स्वच्छ दिसतं. अशा वेळी मासा दगडाला अंग घासतो आणि त्याचा श्वास भराभर चालतो.

व्हेल्व्हेट, म्हणजे अमायलूडिनियम ओसेलेटम, हा जास्त जहाल. मासा उजेड टाळतो, वेव्हमेकरच्या झोतात तोंड करून उभा राहतो, खाणं सोडतो. परजीवी कल्ल्यांवर बसलेला असल्यामुळे मासा गुदमरून मरतो, आणि दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी होऊ शकते. धूळ नीट दिसायच्या आतच मासे जातात असंही होतं. ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी मासे कॉपरमध्ये गेले पाहिजेत.

क्लाऊनफिशच्या अंगावरून पांढरा चिकट थर सुटत असेल, कातडी सोलल्यासारखी दिसत असेल, तर ब्रुकलिनेला हा परजीवी धरून चाला. यावर कॉपर चालत नाही. डोळे धुरकट, डोकं झटकणं, अंग घासणं, पण ठिपके नाहीत, तर चपटे कृमी, म्हणजे फ्ल्यूक. क्रोमिसच्या कुशीवर लाल चट्टा आला तर युरोनेमा हा परजीवी. त्या माशाला ताबडतोब वेगळं करा, पण फार आशा धरू नका.

ओळखीतलं कोणी शिवाजी विद्यापीठात किंवा एखाद्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत असेल तर मेलेल्या माशाच्या कल्ल्याचा तुकडा ताजा असतानाच सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या. अंदाजावर महिनाभर औषध चालवण्यापेक्षा ते बरं.

हॉस्पिटल टाकी मांडणं

चाळीस ते साठ लिटरची जुनी काचेची टाकी किंवा कधी साबण न लागलेला प्लास्टिकचा टब पुरतो. मोठा टँग असेल तर आणखी मोठी घ्या. आत हीटर, एअर पंप, स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसीचे एल्बो. शाहूपुरी-लक्ष्मीपुरीकडच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. वाळू आणि दगड आत टाकायचे नाहीत. ते कॉपर शोषून घेतात आणि तुमचं मोजमाप बिघडवतात. झाकण मात्र हवं. घाबरलेला मासा उडी मारतो.

ही टाकी रीफपासून किमान दहा फूट लांब, जमलं तर दुसऱ्या खोलीत ठेवा. बुडबुडे फुटून उडणाऱ्या तुषारांतून व्हेल्व्हेट शेजारच्या टाकीत जाऊ शकतो. जाळी, बादली, थर्मामीटर सगळं वेगळं. आधी रीफचं काम, मग हॉस्पिटलचं, आणि मग हात धुवायचे. हा क्रम उलटा होऊ देऊ नका.

पाण्याबाबत आपल्याकडच्या दोन सवयी मरीनला महागात पडतात. घरच्या प्युरिफायरवर 'कॉपर' असं अभिमानानं लिहिलेलं असेल तर त्याचं पाणी रीफला अजिबात वापरू नका. ते यंत्र पाण्यात मुद्दाम तांबं सोडतं. आणि पाणी भरायला तांब्या-पितळेची घागर घेऊ नका. साधं आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेलं) पाणी, प्लास्टिकची बादली. रत्नागिरीहून कॅनमधून समुद्राचं पाणी आणणारेही आहेत. पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी पातळ झालेलं असतं आणि त्यासोबत काय येईल सांगता येत नाही. उपचाराच्या काळात तरी मरीन मिठाची पिशवी वापरा.

आता अमोनिया. नव्या टबात जिवाणूंचा फिल्टर नसतो, आणि उपचार चालू असताना मेलेले बरेच मासे रोगानं न मरता अमोनियानं मरतात. रीफच्या संपमध्ये, म्हणजे फिल्टरच्या जोडटाकीत, एक जादा स्पंज कायम पडू द्या. गरज पडली की तो कॉपरच्या टाकीत लावता येतो. रोगी टाकीतला असला तरी बिघडत नाही, मासेही तिथलेच आहेत. तरीही रोज अमोनिया मोजा आणि वाढला की पाणी बदला.

मासे पकडणं

हे काम सगळ्यात कंटाळवाणं. जाळी घेऊन मागं लागलात तर मासे दगडात शिरतील आणि कोरल मोडेल. पारदर्शक ॲक्रिलिकचा सापळा करून घ्या, दोन दिवस त्यातच खाऊ घाला, तिसऱ्या दिवशी दार पाडा. रात्री दिवे बंद झाल्यावर टॉर्चनंही काही मासे सापडतात. व्हेल्व्हेट असेल तर एवढा वेळ नसतो. दगड काढून बादलीत ठेवा, पाणी उतरवा आणि उचला.

सगळे मासे म्हणजे सगळे. निरोगी दिसणारा गोबी, कधी आजारी न पडणारा मँडरिन, कोपऱ्यात बसणारा ब्लेनी, सगळे. एक जरी आत राहिला तरी परजीवीला घर मिळतं आणि ७६ दिवस फुकट जातात. दिवसांची मोजणी शेवटचा मासा बाहेर आला त्या दिवसापासून. कॅलेंडरवर खूण करा.

उपचार पहिला: दर ७२ तासांनी टाकी बदलणं

निदान नक्की क्रिप्टोचं असेल आणि मासे थोडे नि लहान असतील तर मी हीच पद्धत आधी सुचवेन. औषध लागत नाही, महागडं टेस्टिंग लागत नाही, बारा दिवसांत काम होतं. तत्त्व सोपं आहे: परजीवी मासा सोडून टबाच्या तळाशी कोष करतो, आणि कोष फुटायच्या आत आपण मासा दुसऱ्या टबात नेतो.

१. दोन टब आणि प्रत्येकाचा वेगळा संच तयार ठेवा: हीटर, हवेची नळी, एल्बो. हवेचा दगड सच्छिद्र असतो, नीट वाळत नाही. त्याऐवजी नळी उघडीच सोडा.

२. पहिल्या दिवशी मासा पहिल्या टबात. नवीन पाण्याचं तापमान आणि क्षारता जुन्याशी जुळवून घ्या.

३. चौथ्या, सातव्या, दहाव्या आणि तेराव्या दिवशी मासा नव्या टबात हलवा. ७२ तास उलटू देऊ नका. थोडं आधी चालेल, नंतर नाही. सोबत जुनं पाणी जाईल तितकं कमी.

४. रिकामा झालेला टब आणि त्यातलं सगळं सामान ब्लीचनं धुवा, खळखळून विसळा आणि खडखडीत वाळवा.

वाळवणं हा शब्द जुलैत कोल्हापुरात म्हणायला सोपा आहे, करायला नाही. पावसाळ्यात पंख्याखाली ठेवा आणि शक्य असेल तर तिसरा संच घ्या, म्हणजे प्रत्येकाला जास्त दिवस मिळतील.

मीठ आधीच आणून ठेवा. चाळीस लिटरच्या टबाला प्रत्येक वेळी साधारण दीड किलो लागतं, पाच वेळा भरायचं म्हणजे साडेसात किलो. मध्येच पिशवी संपली आणि पुण्या-मुंबईहून पार्सल येईपर्यंत थांबलात तर सगळं पहिल्यापासून. या पद्धतीत फिल्टर नसतो, म्हणून थोडंच खायला घाला आणि अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर बेलाशक वापरा.

ही पद्धत फक्त क्रिप्टोसाठी आहे. व्हेल्व्हेटवर तिचा भरवसा धरू नका.

उपचार दुसरा: कॉपर

व्हेल्व्हेट असेल, शंका असेल किंवा मासे जास्त असतील तर कॉपर. दोन प्रकार मिळतात आणि दोघांच्या पातळ्या अगदी वेगळ्या. क्युप्रामीनसारखं आयोनिक (मोकळं) कॉपर लिटरला ०.५ मिलिग्रॅमवर चालतं. कॉपर पॉवरसारखं चेलेटेड (दुसऱ्या रेणूला बांधलेलं) कॉपर लिटरला २ ते २.५ मिलिग्रॅमवर. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर एक तर मासे मरतील, नाही तर परजीवी मजेत राहतील. नव्या माणसानं चेलेटेड घ्यावं; माशांना ते जरा सोसतं.

पूर्ण पातळी एकदम गाठू नका, दोन-तीन दिवसांत चढवत न्या. व्हेल्व्हेटमध्ये घाई करावी लागते, तिथं एका दिवसात चढवण्याचा धोका पत्करणं योग्य. पातळी पूर्ण झाली की ३० दिवस ती खाली येऊ द्यायची नाही. मधल्या एका दिवशी घसरली तर मोजणी पुन्हा एकपासून. म्हणून मोजायचं साधन हवंच. चेलेटेड कॉपरला रंग जुळवायच्या साध्या किटवर नीट वाचन येत नाही. डिजिटल चेकर घ्या. या सगळ्या सामानात पैसे वाचवायची जागा ही नव्हे.

पाणी बदलताना नव्या पाण्यात तेवढंच कॉपर आधी मिसळा. फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा. आणि आयोनिक कॉपरसोबत अमोनिया बांधणारं कंडिशनर टाकू नका. त्या दोघांच्या संयोगानं कॉपर माशांना जास्त विषारी होतं. मोरे ईल आणि शार्क-रे यांना कॉपर देऊ नका. रॅस जातीच्या माशांच्या बाबतीत हात आखडता ठेवा.

एक प्रश्न आपल्या भागात हमखास येतो: शेजारी सांगली-तासगावात द्राक्षबागा, कृषी सेवा केंद्रात मोरचूद स्वस्तात मिळतं, तेही तांबंच, मग ते का नको? हिशेब करून बघा. मोरचुदात सुमारे पाव भाग तांबं असतं. चाळीस लिटरला ०.५ मिलिग्रॅमची पातळी आणायला सगळं मिळून ८० मिलिग्रॅम मोरचूद लागेल. हे वजन गुजरीतल्या सोनाराच्या काट्यावर करायचं काम आहे, चिमटीनं करायचं नाही. वर शेतीच्या मालात आणखी काय आहे ते पाकीट सांगत नाही. राहू द्या.

क्षारता उतरवून, म्हणजे १.००९ घनतेच्या पाण्यात मासे महिनाभर ठेवून, क्रिप्टो मारता येतो हेही खरं. क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर अचूक हवा आणि पाणी सूक्ष्म फरकानंही चढायला नको. व्हेल्व्हेटला या पाण्यानं काही होत नाही. निदानाची खात्री नसलेल्या माणसानं या वाटेला जाऊ नये.

बाकीचे रोग, थोडक्यात

फ्ल्यूकला प्राझिक्वांटेल, लिटरला २.५ मिलिग्रॅम, आणि अंडी वाचतात म्हणून ५ ते ७ दिवसांनी दुसरा डोस. कुत्र्यांच्या जंताच्या गोळ्यांत हे औषध असतं, पण बहुतेकदा सोबत आणखी औषधं असतात. निव्वळ प्राझिक्वांटेल मिळालं तरच वापरा.

ब्रुकलिनेलाला फॉर्मलिनची अंघोळ: ३७ टक्क्यांचं फॉर्मलिन १० लिटरला दीड मिलिलिटर, वेगळ्या बादलीत, जोरदार हवा सोडून, ४५ मिनिटं, आणि मग मासा कोऱ्या टाकीत. हे रसायन कर्करोगकारक आहे. गच्चीवर किंवा अंगणात, हातमोजे आणि चष्मा घालून करा, मुलं लांब. बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ती बाटली वापरू नका, त्यातलं रसायन माशांना फार विषारी झालेलं असतं. जमणार नसेल तर मत्स्यतज्ज्ञाला किंवा पशुवैद्याला गाठा.

गोड्या पाण्याची डुबकी हा आणीबाणीतला उपाय. आरओ पाण्याचं तापमान टाकीइतकं करा, खाण्याच्या सोड्यानं पीएच ८.२ च्या आसपास आणा, तासभर हवा सोडा आणि मासा ५ मिनिटं ठेवा. फ्ल्यूक असतील तर पांढरे चपटे कण तळाशी पडलेले दिसतील, म्हणजे निदानही होऊन जातं. व्हेल्व्हेटच्या माशाला थोडा श्वास मिळतो. क्रिप्टो यानं जात नाही.

रिकाम्या रीफचे ७६ दिवस

मासे नसले तरी टाकी चालूच असते. दिवे, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), कोरलचं खाणं नेहमीसारखं ठेवा. कोळंबी, खेकडे, गोगलगायी आतच राहतील. त्यांच्यासाठी आणि जिवाणूंसाठी अधूनमधून चिमूटभर खाऊ टाका. कॉपरचा स्पर्श झालेली कुठलीही वस्तू या टाकीत जाऊ देऊ नका.

तापमान २६-२७ अंशांवर स्थिर ठेवा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री चांगल्याच गार पडतात, आणि गार पाण्यात कोषांचं चक्र लांबतं. म्हणून हिवाळ्यात मोजणी सुरू केली असेल तर हीटरवर लक्ष ठेवा. उन्हाळ्यात उलटी गत. एप्रिल-मेमध्ये पंखा किंवा चिलर लागतो. वीज गेली तर चालेल असा बॅटरीचा एअर पंप दोन्ही टाक्यांना हवा. महावितरणच्या देखभालीचा दिवस आपल्याला विचारून येत नाही.

या काळात तुम्हाला बरेच उपाय सुचवले जातील. लसणामुळे मासा खायला लागतो, परजीवी जात नाही. क्लीनर श्रिम्प माशाच्या अंगावर फिरतो, पण रोग निपटत नाही. यूव्ही दिवा लावला तर पाण्यात फिरणारी काही पिल्लं मरतात, दगडावरचे कोष तसेच राहतात. यूव्ही कायम ठेवायला हरकत नाही, फक्त त्याच्या जिवावर ७६ चे ४० करू नका. असलेल्या वेळात पुढच्या नव्या माशासाठी क्वारंटाईनची जागा नक्की करा.

मासे परत सोडताना

कॉपर संपलं की कार्बन आणि पाणी बदलून ते काढा आणि मासे साध्या पाण्यात दोन आठवडे बघत राहा. पुन्हा काही दिसलं तर तिथंच कळेल. एवढं करूनही ७६ पैकी बरेच दिवस उरतात. माशांना तोवर मोठ्या टबात ठेवावं लागतं, याची तयारी आधीपासून हवी.

पुढे येणारी प्रत्येक ओली वस्तू संशयित धरा. कावळा नाक्यावर ट्रॅव्हल्समधून उतरवलेल्या बॉक्सातलं पिशवीचं पाणी कधीही टाकीत ओतू नका. नवे मासे आधी टाकी-बदल किंवा कॉपरमधून जातील. कोरलचे फ्रॅग (कापलेले तुकडे) आणि गोगलगायींच्या शंखांवरही कोष असू शकतात, म्हणून त्यांनाही मासे नसलेल्या छोट्या टाकीत ७६ दिवस ठेवा. मालवण-रत्नागिरीहून कोरल उचलून आणायचा मोह तर टाळाच. स्टोनी कोरल आणि समुद्रघोडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहेत.

सत्त्याहत्तराव्या दिवशी दिवे मंद करा आणि गरीब स्वभावाचे मासे आधी सोडा. दोन-तीन दिवसांनी क्लाऊन आणि डॅम्सल. टँग सगळ्यांत शेवटी, कारण भांडणाचा ताण आला की पहिल्यांदा आजारी तोच पडतो, आणि आधी सोडला तर अख्खी टाकी आपलीच समजून बसतो.